लेकीला माहेरी आणायचे, पण केव्हा?

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. लेकीला सातवा महिना लागला, की बाप नाहीतर भाऊ तिला आणायला निघे. वाट आधी बैलगाडीची होती, पुढे एस. टी.ची झाली, पण अंतर फार तर दोन-चार तालुक्यांचे असे. आज तीच लेक दुबईत असते, लंडनला असते, अमेरिकेत न्यू जर्सीला असते. हे आता मुंबई-पुण्याच्या घरांपुरते राहिलेले नाही. सातारा-सांगलीकडच्या, रत्नागिरीकडच्या खेड्यांतही असे एखादे घर सापडते, की तिथल्या आजीला परदेशातली वेळ तोंडपाठ असते. रीत मात्र तीच राहिली आहे. फोनवर लेक विचारते, "आई, मी येऊ का गं तिकडे?" आणि आई म्हणते, "ये की बाई, विचारतेस काय!"

मग एकेक अडचण निघते. जावईबापूंना रजा मिळत नाही. तिकिटे महाग असतात. लेकीचे स्वतःचे ऑफिस असते. सातव्याचा आठवा होतो, आठव्याचा नववा लागू पाहतो. आणि मग प्रश्न उभा राहतो, की इतके दिवस भरत आल्यावर पंधरा-पंधरा तास विमानात बसणे बरे की नाही?

या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. मी डॉक्टर नाही, मास्तर आहे. औषधपाणी सांगणे माझे काम नव्हे. पण वैद्यकशास्त्राने जे नक्की केले आहे ते समजून घेऊन, घरात बसल्या बसल्या कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, एवढे आपल्याला ठरवता येईल.

पहिली गोष्ट हिशेबाची. आपण महिने मोजतो. डॉक्टर आणि विमान कंपन्या आठवडे मोजतात. आणि हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे असतात. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस. सोपी रीत अशी, की त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. समजा, पाळीचा पहिला दिवस १० जानेवारी होता. तर बाळंतपणाची अंदाजी तारीख १७ ऑक्टोबर येते. त्याच हिशेबाने २८ आठवडे २५ जुलैला पूर्ण होतात, ३२ आठवडे २२ ऑगस्टला आणि ३६ आठवडे १९ सप्टेंबरला. पाळी अनियमित असेल, तर पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीची तारीख अधिक भरवशाची. शिक्षकमित्रांनी आपल्या गावात एवढा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तरी पुष्कळ घोटाळे टळतील. कारण "आठवा चालू आहे" आणि "आठ पुरे झाले" या दोहोंत महिन्याचे अंतर पडते, आणि नेमका तो महिनाच इथे महत्त्वाचा असतो.

आता विमानात शरीराचे काय होते ते पाहू. विमान जमिनीपासून पस्तीस हजार फुटांवर उडते. तिथली हवा इतकी विरळ, की माणूस तिच्यात जगणार नाही. म्हणून विमानाच्या आत हवा दाबून भरलेली असते. पण ती जमिनीवरच्या इतकी दाट नसते. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जशी हवा असेल, तशी ती असते. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची ५,४०० फूट. म्हणजे विमानात बसलेली बाई कळसूबाईच्याही वरच्या हवेत काही तास काढते असे समजा. तिथे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायू थोडा कमी मिळतो.

मग पोटातल्या बाळाचे कसे? निसर्गाने इथे मोठी सोय करून ठेवली आहे. गर्भातल्या बाळाच्या रक्तातले हिमोग्लोबिन मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा निराळे असते. ते प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते. त्यामुळे आईचे रक्त चांगले असेल, तिची प्रकृती ठीक असेल, तर बाळाला या उंचीचा त्रास होत नाही. पण "आईचे रक्त चांगले असेल तर" ही अट आपल्याकडे लहान नाही. २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसून आले. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. थोडे कमी असेल तर गोळ्यांनी भरून काढता येते. फार कमी असेल, तर विमानप्रवास टाळावाच असे डॉक्टर सांगतात. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईने तर तज्ज्ञाला विचारल्याखेरीज विमानाचा विचारही करू नये. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांतल्या वाचकांना हा आजार सांगायला नको.

दुसरी गोष्ट पायांची. गरोदरपणात रक्त गोठण्याची शक्ती आपोआप वाढते. बाळंतपणात रक्तस्राव फार होऊ नये, यासाठी शरीराने केलेली ती तयारी असते. पण हीच तयारी तासन्‌तास एका जागी पाय लोंबते ठेवून बसल्यावर अंगाशी येऊ शकते. पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गाठ धरते, आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. असे क्वचित घडते, हे खरे. पण चार तासांहून लांब प्रवासात त्याचा संभव वाढतो, आणि बाळंतपणानंतरही पहिले सहा आठवडे हा धोका राहतो. दोन्ही पायांवर थोडी सूज येणे गरोदरपणात नेहमीचे. मात्र एकच पाय सुजला, दुखू लागला, लाल झाला, किंवा एकाएकी धाप लागली, छातीत दुखू लागले, तर थकवा म्हणून सोडून न देता ताबडतोब दवाखाना गाठावा.

काही भीती मात्र उगाच असतात. विमानतळावरच्या तपासणीच्या चौकटीतून गेल्याने बाळाला अपाय होत नाही. उंचावर आकाशातून येणारे किरण थोडे अधिक लागतात, पण एखाद्या-दुसऱ्या प्रवासाने त्यांचे काही बिघडत नाही. वरच्या हवेत पोटातला वायू फुगतो, म्हणून आदल्या दिवशी हरभरा-वाटाणा आणि सोड्याची पेये टाळली की झाले. विमान वर चढले म्हणून कळा सुरू होतात, हेही खरे नव्हे.

म्हणाल, मग एवढी काळजी कशाला? तर खरी काळजी विमानाची नाहीच, ती वेळेची आहे. बाळंतपण तारीख पाहून येत नाही. दिलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच. ३७ आठवड्यांनंतर कळा केव्हाही सुरू होऊ शकतात. आणि जगात दर दहा बाळांपैकी सुमारे एक बाळ ३७ आठवड्यांच्या आधीच जन्माला येते. घरी कळा सुरू झाल्या, तर आपण गाडी बोलावतो, १०८ क्रमांक फिरवतो. समुद्रावरून जाणाऱ्या विमानात काय करणार? तिथल्या कर्मचाऱ्यांना प्रथमोपचार येतात, बाळंतपणाची थोडी माहितीही असते. प्रवाशांत एखादा डॉक्टर असेल तर नशीब. पण तिथे रक्ताची बाटली नसते, शस्त्रक्रियेची खोली नसते, कमी दिवसांच्या बाळाला ठेवायची काचेची पेटी नसते. वैमानिकाने जवळच्या विमानतळाकडे विमान वळवायचे ठरवले, तरी मध्ये पुष्कळ वेळ जातो. आणि उतरायचे कुठे? जिथे आपले कोणी नाही, भाषा कळत नाही, अशा देशात. तिथे अपुऱ्या दिवसांचे बाळ झाले, तर त्याला आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवावे लागते. तो खर्च ऐकून चांगल्या घरच्या माणसालाही घाम फुटेल. प्रवासाच्या विम्यात बाळंतपणाचा आणि नवजात बाळाचा खर्च धरलेला आहे की वगळलेला, हे म्हणूनच आधी वाचून पाहावे. बऱ्याचदा तो वगळलेला असतो.

म्हणून काही बायकांनी दिवस कितीही असोत, लांबचा विमानप्रवास करू नये. वार खाली असून अंगावर जाण्याचा धोका असेल. रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जात असतील. रक्तस्राव होऊन गेला असेल. आधीचे बाळ फार लवकर झाले असेल, किंवा गर्भाशयाचे तोंड आखूड असल्याचे सोनोग्राफीत दिसले असेल. पूर्वी शिरेत रक्ताची गाठ झाली असेल. तर डॉक्टर बहुधा "जाऊ नका" असेच सांगतात, आणि ते ऐकावे. इथे "माझ्या वेळी मी नव्या महिन्यात शेतात काम करत होते" हा दाखला उपयोगी पडत नाही. शेतातून घर गाठता येत होते.

आता नियमांकडे वळू. विमान कंपन्यांचे नियम एकसारखे नाहीत, पण त्यांचा ढाचा सारखा आहे. बहुतेक कंपन्या २८ आठवड्यांनंतर, काही ३२ नंतर, डॉक्टरांचे पत्र मागतात. त्यात अपेक्षित तारीख, बाळ एक की जुळे, आणि प्रवासाला हरकत नाही, एवढे लिहिलेले लागते. ते पत्र काही दिवसांच्या आतले हवे असते. एकच बाळ असेल आणि सर्व सुरळीत असेल, तरी साधारण ३६ आठवड्यांनंतर कंपन्या विमानात घेत नाहीत, आणि लांबच्या प्रवासाला काही कंपन्या त्याच्याही आधी नाही म्हणतात. जुळी असतील तर ३२ आठवड्यांच्या आसपासच दार बंद होते. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांची मान्यवर संस्था, रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स, हिचाही सल्ला असा, की सर्व ठीक असल्यास एका बाळाच्या वेळी ३७ आठवड्यांच्या आत आणि जुळ्यांच्या वेळी ३२ आठवड्यांच्या आतच प्रवास उरकावा. ज्या कंपनीचे तिकीट, तिचा नियम तिकीट काढण्यापूर्वी वाचावा. आणि दिवस मोजताना तिकीट काढण्याचा दिवस धरू नये, प्रत्यक्ष प्रवासाचा दिवस धरावा.

पण इथे एक चूक फार लोक करतात, ती नीट समजून घेतली पाहिजे. कंपनीने ३६ आठवड्यांपर्यंत परवानगी दिली, म्हणजे ३६ आठवड्यांपर्यंत धोका नाही, असा तिचा अर्थ नव्हे. नदीच्या पुलावर पाण्याची खूण रंगवलेली असते. पाणी खुणेच्या वर गेले की पूल बंद. पण खुणेच्या दोन बोटे खाली पाणी असताना लेकराला घेऊन पूल ओलांडायचा का, हे खूण सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवायचे असते. कंपनी स्वतःपुरते पाहते. आपल्याला या एका लेकीपुरते पाहायचे आहे.

आणि प्रवास तरी कुठे विमानतळावर संपतो? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून मुंबईला मध्ये न थांबता यायलाच सुमारे पंधरा तास लागतात. त्याआधी तीन तास विमानतळावर. मध्ये विमान बदलायचे असेल, तर आणखी पाच-सहा तास. मुंबईला उतरल्यावर सामान, रांगा, आणि मग पुढे सांगलीपर्यंत सात-आठ तास मोटारीत. घरातून निघाल्यापासून घरात पोचेपर्यंत दीड दिवस सहज होतो. दुबईहून येणारीचे विमान तीनच तासांत मुंबईला येते, हे खरे. पण तिचे गाव घाटाखाली किंवा आडरस्त्याला असेल, तर तिचाही खरा प्रवास उतरल्यावरच सुरू होतो. म्हणून विचारताना "विमान किती तासांचे?" एवढेच विचारू नये. "दारापासून दारापर्यंत किती?" असे विचारावे.

त्याच्या पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, आणि तो माहेरच्यांनी स्वतःला विचारायचा आहे. लेक आली आणि चार दिवसांत कळा सुरू झाल्या, तर आपण तिला कुठे नेणार? रात्री दोन वाजता शस्त्रक्रिया करू शकेल, रक्त मिळेल, लहान दिवसांच्या बाळाला सांभाळील, असा दवाखाना किती मैलांवर आहे? तिथल्या डॉक्टरांनी तिला कधी पाहिले आहे का? तिकडच्या डॉक्टरांनी सात-आठ महिने तिची नोंद ठेवली, आणि ऐन वेळी ती अनोळखी हातांत आली, असे होऊ नये. माहेरची माया मोठी खरी, पण माया शस्त्रक्रिया करीत नाही. दोन्हींची सोय करता आली, तरच माहेरचे बाळंतपण सुखाचे.

आता हे सारे एकत्र मांडून पाहा. समजा, लेक न्यू जर्सीत आहे, पहिलेच बाळ आहे, एकच आहे, रक्त-रक्तदाब ठीक आहे, आणि आज २६ आठवडे झाले आहेत. तिने यायचे ठरवले, तर २८ आठवड्यांच्या आत यावे. हा काळ प्रवासाला चांगला. मळमळ संपलेली असते, पोट अजून जड नसते, आणि आल्यावर इथल्या डॉक्टरांना तिची ओळख व्हायला पुरेसा वेळ मिळतो. आपली जुनी माणसे सातव्या महिन्यात लेकीला आणत, ते याच हिशेबाशी जुळते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तीच लेक ३५ आठवड्यांची असेल, तर नियमाने कदाचित बसू देतील. पण मिळवायचे काय आणि पणाला लावायचे काय, याचा तोल आता उलटा झाला. अशा वेळी तिने आहे तिथेच, ओळखीच्या डॉक्टरांकडे बाळंत व्हावे, हेच शहाणपणाचे.

"मग पोरीने एकटीने काढायचं का सगळं?" असे आई विचारील. तिचे म्हणणे रास्त आहे. पण दोघींपैकी एकीनेच विमानात बसायचे असेल, तर ती लेकच का असावी? आईने जावे! आज महाराष्ट्रातल्या कितीतरी आज्या डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन बाळंतपण करायला परदेशी जातात. व्हिसाला महिनोन्‌महिने लागू शकतात, म्हणून पासपोर्टची तयारी दिवस राहिल्याचे कळताच सुरू करावी. आईला रक्तदाब, मधुमेह असेल, तर तिनेही आपल्या डॉक्टरांना विचारून औषधे बरोबर घ्यावीत. परतीचाही विचार इथेच करावा. बाळ भारतात झाले, तर परत जाताना त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो, आणि ती कामे बाळाच्या बारशाइतक्या झटपट होत नाहीत. बाळाच्या बापाने बाळाला चार-सहा महिने फोनवरच पाहायचे, हेही घरातल्यांनी आधीच जमेस धरलेले बरे.

सर्व विचारांती, डॉक्टरांच्या संमतीने जायचे ठरलेच, तर काही साध्या गोष्टी सांभाळाव्यात. शक्यतो विमान न बदलणारा मार्ग घ्यावा. वाटेच्या कडेची जागा मागून घ्यावी, म्हणजे कोणाला न उठवता उठता येते. तासा-दोन तासांनी चार पावले चालावे. बसल्या जागी घोटे फिरवावेत, टाचा वर-खाली कराव्यात. विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून पाणी थोडे थोडे पीत राहावे. डॉक्टरांनी सांगितल्यास पोटऱ्यांवर ताण देणारे मोजे घालावेत. रक्त पातळ होण्याची गोळी मात्र कोणा शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नये. जागेवरचा पट्टा पोटावरून न बांधता पोटाखाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवरून बांधावा. रक्तगट, सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब यांचे कागद मोठ्या पेटीत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावेत. जड सामान उचलू नये. विमानतळावर चाकाची खुर्ची मागायला लाजू नये. आणि निघण्याच्या दिवशी पोटात कळ आली, अंगावर पाणी किंवा रक्त गेले, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाची हालचाल मंदावली, तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी बुडू द्यावेत. तिकीट दुसरे काढता येते.

शेवटी निर्णय कोणी घ्यायचा? आपल्या घरांत तो बहुधा सासू घेते, आई घेते, नवरा घेतो, तिकिटाची किंमतही घेते; आणि जिच्या पोटात बाळ आहे तिने फक्त हो म्हणायचे असते. हे बदलले पाहिजे. आपले अंग कसे आहे, रात्री झोप लागते का, पाय किती सुजतात, मनात भीती कसली आहे, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते. तिने आपल्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे, डॉक्टरांनी तिला समजेल असे सांगावे, आणि मग ती जे म्हणेल त्याला घराने आधार द्यावा. ती "येते" म्हणाली, तर वेळेत आणावे. ती "नको" म्हणाली, तर तिला माहेरची ओढ नाही असा अर्थ काढू नये. लेक आली काय किंवा आई गेली काय, दोघी एका छपराखाली आल्या आणि बाळ सुखरूप झाले, की रीत पाळल्यासारखीच आहे.